जयसिंग मासाळचा वॉटरप्रूफ

"पाऊस म्हंजी तरी काय? वरनं पडणारं पाणीच ना! त्याला अंगात शिरू द्यायचं का न्हाई, ते आपल्या हातात हाय!"

भादव्यातल्या एका सोमवारी, बशीतला चहा फुर्रकन ओढून जयसिंग मासाळनं हे ओसरीवर जाहीर केलं. समोर त्याची बायको गिताबाई घेवडा निवडत बसली होती. तिनं एक किडकी शेंग उचलली, नवऱ्याकडं बघितलं, पुन्हा शेंगेकडं बघितलं आणि शेंग अंगणात भिरकावली.  जयसिंगला समजायचं ते समजलं.

हा जयसिंग म्हणजे दौंडच्या रेल्वेतनं रिटायर झालेला माणूस. एकतीस वर्षं रुळांवर चालला. पावसाळ्यात खडी वाहून गेली का, रूळ खचला का, ते बघत खांद्यावर हातोडा टाकून मैलोगणती फिरला. रिटायर झाल्यावर मांडवगण फराट्याजवळच्या आपल्या वस्तीवर येऊन राहिला. आज्या-पणज्यांची मेंढरं कधीच गेली होती. आता थोडा ऊस, थोडा भाजीपाला. तो सगळा गिताबाई बघायची. जयसिंगला एकच नाद, नदीवर गळ टाकून बसायचा. आणि तोही भर पावसात! कारण पाणी गढूळ झालं की वाम बिळातनं बाहेर पडते, आणि जयसिंगचा सगळा जीव त्या सापासारख्या लांबलचक माशात अडकलेला. उन्हात बसून चिलापी काढणाऱ्यांना तो मासेमार मानतच नसे. "ते म्हंजी बाजारातनं पिशवी भरून आणल्यासारखं हाय!" म्हणायचा.

आता खरी गोष्ट सांगायची तर आडनाव मासाळ असून आजवर एकही वाम त्याच्या हाती लागली नव्हती. गावात हे जरा जास्तच चवीनं बोललं जायचं.

त्यात गेल्या पावसाळ्यात भलतंच झालं. आठवडे बाजारातल्या पातळ रेनकोटावर भरवसा ठेवून जयसिंग दिवसभर नदीवर बसला. रेनकोट काखेत फाटला, पाणी छातीवर उतरलं, आणि तिसऱ्या दिवशी जयसिंग दौंडला दवाखान्यात आडवा! आठ दिवस सलाईन. आठही दिवस गिताबाई उशाशी बसून होती. घरी आल्यावर तिनं गळ, दांडी, गांडुळांचा डबा असं सगळं माळ्यावर टाकलं आणि त्यावर घरातली सगळ्यात जड पेटी ठेवली. एवढंच. 

पण जयसिंगनं वर्षभर विचार केला होता. दोष पावसाचा नव्हता. दोष रेनकोटाचा होता!

"तीन तास!" त्यानं बशी खाली ठेवली. "सगळ्यात वंगाळ पावसात तीन तास नदीवर बसून दावतो. आत एक थेंब आला, तर गळ मोडून चुलीत घाल!"

"आन् न्हाई आला तर?"

"तर पेटी खाली. कायमची!"

गिताबाईनं पुढची शेंग मोडली. "बरं. बघू तुमचं वॉटरप्रूफ."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं जयसिंग शिरूरला. तिथं सारिकाचं दुकान होतं. कंपन्यांतल्या कामगारांना लागणारी हेल्मेटं, गमबूट, हातमोजे, रेनकोट असलं सेफ्टीचं सामान ती विकायची. बाई चटपटीत होती. रोज पन्नास कामगारांना दोन मिनिटांत वाटेला लावायची. तिला काय माहीत आज कोण आलंय!

"काका, साइज सांगा."

"साइज मागनं. आदी एक बादली द्या."

"बादली? कशाला?"

"पालथी घालून बसायला! अवो ताई, उभ्या माणसाचा रेनकोट येगळा आन् बसल्याल्या माणसाचा येगळा. मासेवाला बसतो."

जयसिंगनं पहिला लांब रेनकोट घातला आणि बादलीवर बसला. "हा बाद! बसलं की मांडीत तळं होतंय. हितं ओता बरं पाणी!" सारिकानं नाइलाजानं प्यायच्या जगमधलं पाणी ओतलं. झालंच तळं! दुसरा रेनकोट घातला, दांडी समजून कोपऱ्यातली छत्री हातात धरली आणि हात वर केला. "हा पण बाद! गळ वडताना हात वर जातोय, पाणी बाहीतनं थेट बगलंत!" तिसऱ्याची टोपी मान वळवली तरी वळेना. जयसिंगनं उजवीकडं बघितलं आणि त्याला टोपीचं अस्तर दिसलं. चौथा चुरचुर वाजायचा. "आरारा! ह्या आवाजानं मासं पार उजनीला पळत्याल!"

एव्हाना दुकानात चार गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि फरशीवर घोटाभर पाणी झालं होतं. सारिका तरातरा आत गेली आणि एक जाडजूड पिवळा सूट घेऊन आली. वर कोट, खाली गळ्यापर्यंत येणारी विजार. मनगटाला इलास्टिक, घोट्याला इलास्टिक, कमरेला इलास्टिक. टोपीला आवळायची दोरी आणि चेहऱ्यापुढं पारदर्शक काच. अंगभर चमकत्या पट्ट्या.

"हा घ्या. कंपनीची ऑर्डर रद्द झाली म्हणून राहिलाय. फक्त पाठीवर छापलंय."

पाठीवर वीतभर उंचीच्या लाल इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, 'इमर्जन्सी टीम'.

"छापू द्या की! माशाला कुठं वाचता येतंय?" जयसिंग बादलीवर बसला. "ओता!"

सारिकानं अख्खी बादलीच डोक्यावर ओतली. तिला ते फार दिवस करावंसं वाटत असावं, इतक्या मनापासून ओतली! पण आत थेंब नाही. जयसिंगचे डोळे काचेआड चमकले.

"पण काका, ह्यात हवा खेळत नाही हां. काखेत जाळीवाला मागवून देते, आठ दिवस थांबा."

"हवा खेळायला मी काय पतंग हाय व्हय? ताई, जितनं हवा जातीया, तितनं पाणी येतंया! एकतीस वर्सं रूळ तुडीवल्यात मी!"

गुरुवारी उजाडलं तेच आभाळ खाली उतरल्यासारखं. पाऊस असा की अंगणातली तुळस दिसेना. जयसिंग हरखून गेला! जेवण करून तो सूट चढवायला बसला. वीस मिनिटं लागली. गिताबाईनं कोटाच्या गळ्यातनं हात घालून सदरा चाचपला. "आत्ता कोरडा हाय," पोस्टमास्तरनं शिक्का मारावा तसं ती म्हणाली आणि पेटी बाजूला करून तिनं गळ खाली दिला. जयसिंग मागच्या उसाच्या बांधानं, गमबुटात बदकासारखा फतक फतक करत नदीकडं निघाला. वाटेत कुत्रंसुद्धा भेटलं नाही.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जुना डबा पालथा घालून तो बसला. गळाला गांडूळ लावलं, पाण्यावर थर्माकोलचा तुकडा सोडला. पाऊस त्याच्यावर तुटून पडला. टोपीवर ताशा वाजायला लागला. पण आत? आत काही नाही! कोटावरनं पाणी असं ओघळत होतं जसा कमळाच्या पानावरनं थेंब.

"ये! ये की आत!" जयसिंग आभाळाकडं बघून ओरडला. "हाय का हिम्मत?"

अर्धा तास झाला. जयसिंगला जरा उबदार वाटायला लागलं. एक तास झाला तेव्हा इडलीपात्रातल्या इडलीला काय वाटत असेल ते त्याला कळलं. कपाळावरनं धार, पाठीवरनं धार. समोरची काच आतनं अशी धुरकटली की भीमा नदी आहे का दुधाची डेअरी, कळेना. पण माणूस हटणारा नव्हता. "हा घाम हाय," त्यानं स्वतःला बजावलं. "घरचा हाय. बाहेरचा न्हाई!"

आता दोन तास झाले असतील. काचेखालनं बोट घालून त्यानं आतली वाफ पुसली आणि थर्माकोल हलला. जरासा बुडाला. जयसिंगनं श्वास रोखला. आणि नेमके त्याच वेळी मागं काठावर सोपानराव आले.

सोपानराव म्हणजे नदीकाठचे शेजारी, सत्तरी गाठलेले. नदीत टाकलेल्या आपल्या पाण्याच्या मोटारीची त्यांना काळजी. पाणी वाढलं की मोटार वाहून जाते. म्हणून खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ते बघायला आलेले. बघतात तर बंधाऱ्याखाली पिवळाजर्द माणूस, नदीकडं टक लावून बसलेला आणि पाठीवर लाल अक्षरं! सोपानरावांना इंग्रजी येत नव्हतं. पण हाच शब्द त्यांनी दवाखान्याच्या पाटीवर बघितला होता. त्या दारातनं आत जाणारी माणसं फार करून आडवीच असतात, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"ओऽ सायेब! पाणी वाढनार हाय का वो?"

टोपीतल्या ताशात जयसिंगला एवढंच कळलं की कुणीतरी मागं बोंबलतंय आणि वाम बिथरणार. मान न वळवता त्यानं डावा पंजा वर केला. थांब!

"पाच?" सोपानराव दचकले. "पाच काय? पाच फूट?"

जयसिंगनं पंजा जोरजोरात हलवला. जा! चल, जा हितनं!

"अगं आयव! पाच फूट आन् निघा म्हंतोय!" सोपानरावांनी पोतं तिथंच टाकलं. गेल्या दहा वर्षांत ते चालले नव्हते एवढं पळाले.

पुढच्या अर्ध्या तासात वस्तीवर काय झालं ते जयसिंगला ठाऊक नव्हतं. पण तुम्हाला सांगायला पाहिजे. सोपानरावांनी पारावर सांगितलं, 'पाच फूट पाणी वाढणार.' तिथनं फोनवर गेलं, 'पाच वाजता पाणी सुटणार.' फोनवरनं खालच्या आळीत पोचलं, 'पाच गावं जाणार!' झालं! जो तो नदीकडं धावला. दोरखंड लावून मोटारी ओढल्या गेल्या. म्हशी सोडल्या, शाळेच्या पटांगणात नेऊन बांधल्या. एका म्हशीनं तिसरीच्या वर्गात मुक्काम ठोकला. अनसाबाई नावाची म्हातारी एका काखेत कोंबडा आणि दुसऱ्या काखेत मिक्सर घेऊन दारात अडून बसली. "माजा नवा पंखा काडून दिल्याबिगर मी न्हाई हलनार! बुडले तर बुडले!" शेवटी दोन गड्यांनी धो धो पावसात तिच्या छताचा पंखा उतरवला.

सरपंच साधनाताई मात्र धिराची बाई. तिनं तालुक्याला फोन लावून बघितला, पण एव्हाना पावसात रेंज गेलेली. "अफवा नको," ती म्हणाली. "अधिकारी बंधाऱ्यावर हायेत ना? त्यांनाच इचारू!" आणि चाळीस माणसं घेऊन ती निघाली.

चाळिसातली एक होती गिताबाई. नदी येणार हे कानावर पडल्याबरोबर ती चुलीवरचं दूध तसंच टाकून उठली होती. पायात चप्पल नाही, डोक्यावर काही नाही. पळतच ती घोळक्याला येऊन मिळाली होती.

इकडं बंधाऱ्याखाली थर्माकोल गडप झाला! जयसिंगनं दांडी उचलली आणि दांडीची कमान झाली. खालनं असा हिसका आला की डबा एकीकडं आणि जयसिंग एकीकडं. पण सोडतोय कुठला! ओढता ओढता तो चिखलात बसला, घसरला, पुन्हा उठला आणि शेवटी पाण्यातनं वर आली वाम! हातभर लांब, मनगटाएवढी जाड, अंगावर नक्षी. एकतीस वर्षांच्या नोकरीत पगारवाढ बघून झाला नव्हता तेवढा आनंद जयसिंगला झाला. त्यानं गळ सोडवला, वाम छातीशी धरली आणि काचेच्या आतली वाफ पुन्हा पुसत मान वर केली.

बंधाऱ्यावरनं चाळीस माणसं खाली येत होती. पुढं सरपंच!

आता गेल्याच महिन्यात साधनाताईनं बंधाऱ्यावर पाटी लावली होती, 'पावसाळ्यात मासेमारीस सक्त मनाई.' जयसिंगची पाचावर धारण बसली. दांडी त्यानं झुडपात लाथाडली. वाम कुठं लाथाडणार? आयुष्यातली पहिली वाम! त्यानं इकडं तिकडं बघितलं, कोटाची चेन उघडली, वाम आत सारली आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

चेन अडकली ती अडकलीच.

"नमस्कार साहेब!" साधनाताईनं हात जोडले. "पाणी कधी येणार हाय?"

साहेब? जयसिंगला काही उमगेना. धुरकटलेल्या काचेतनं चाळीस भिजलेली भुतं दिसत होती आणि सगळी त्याच्याकडं हात जोडून उभी. मराठीत बोललो तर आवाज ओळखतील. त्यानं घसा खाकरला आणि दौंड स्टेशनात कमावलेली हिंदी बाहेर काढली.

"पानी... वो तो आता है... जाता है."

"येतंय म्हनत्यात!" सोपानराव किंचाळले. "मी सांगितलं न्हवं!"

तेवढ्यात वाम जागी झाली. पोटावर तिला जागा आवडली नसावी. ती उजव्या बगलेकडं निघाली. आणि वामेच्या पाठीवर काटे असतात, बरं का! जयसिंगचा उजवा हात आपोआप वर गेला आणि थरथरायला लागला.

"वर जा म्हनत्यात! टेकडीवर जा म्हनत्यात!" मागनं ओरडा झाला.

आणि मग गिताबाई पुढं आली. तिनं त्या पिवळ्या सुटाकडं खालनं वरपर्यंत बघितलं. ह्याच सुटाचा गळा तिनं दुपारी आपल्या हातानं चाचपला होता. काचेआड काय आहे हे चाळिसात तिला एकटीला माहीत होतं. तिचा चेहरा एकदम सैल झाला. छातीवर हात ठेवून तिनं श्वास सोडला. मग तोच चेहरा हळूहळू आवळत गेला, आणि जयसिंग वामेसकट एक पाऊल मागं सरकला.

"सायेब," गिताबाई म्हणाली, "माजा मानूस नदीवर आलाय. त्याला हुडकून द्या."

"अगं बाई! जयसिंग नदीवर हाय?" साधनाताई हादरली. "साहेब, लिहून घ्या! जयसिंग मासाळ, वय एकसष्ट! गिताबाई, वर्णन सांगा."

"उंची बेताची. पोट बेताबाहेर. आन् डोकं..." गिताबाईनं काचेत रोखून बघितलं. "डोकं हाय का न्हाई, ते तुमीच बघा."

"आदमी मिल जायेगा, बाई," जयसिंग घोगऱ्या आवाजात म्हणाला. वाम आता पाठीकडं वळली होती. "आप... आप घर जाव."

"घरला जाऊन काय करू? गेल्या साली आठ दिस त्यांच्या उशाला बसले, सायेब. सलाईनचा थेंब थेंब मोजत. हे तापात बडबडायचे, 'वाम लागली, वाम लागली.' माजं नाव येकदा बी घेतलं न्हाई! मी म्हनलं, जाऊ दे. जित्ता ऱ्हाऊ दे, मग वामेचं नाव घेऊ दे, न्हाई तर आनिक कुनाचं." तिनं ओला पदर पिळला. "आज बी दुपारपास्नं सतरांदा दारात आले. पाऊस थांबला का बघाया. त्यांना वाटतंय मी गळ लपवते. मी गळ न्हाई लपवत वो, सायेब. मी मानूस लपवाया बघते."

 पदर डोळ्यांना लागले. सोपानरावांनी नाक शिंकरलं. काचेच्या आत जयसिंगच्या गालांवरनं पाणी वाहत होतं. तो घाम होता का आणखी काय, त्याचं त्यालाच कळेना. "गिते..." असं तो म्हणणार, एवढ्यात वामेनं कण्यावरनं खाली सूर मारला.

"आऽऽऽई गंऽऽ!"

साहेब तीन फूट उडाले! खाली आले, पुन्हा उडाले. एका पायावर फिरले, दुसऱ्यावर फिरले, पाठ झाडाला घासली, मग चिखलात लोळले. "झटका आलाय! साहेबांना झटका आलाय!" "कांदा आना, कांदा!" "चप्पल हुंगवा!" सगळ्यांनी आपापलं औषध सुचवलं. मनगटाला इलास्टिक, घोट्याला इलास्टिक! सारिकाच्या त्या सुटात बाहेरचं आत जात नव्हतं, तसं आतलंही बाहेर येत नव्हतं. शेवटी गिताबाईनंच त्याला चिखलात दाबून धरला आणि चेन दोन्ही हातांनी हिसडली. चेन तुटली, टोपी मागं गेली, काच निखळली. आणि जयसिंगच्या गळ्यातनं, हनुवटीच्या खालनं, वामेनं मुंडकं बाहेर काढून गावाकडं बघितलं.

"आरं, हा तर जयसिंगा!" सोपानराव.

वाम सुळकन निसटली, चिखलावरनं वळवळत गेली आणि डुबुक करून भीमेत शिरली.

आणि नेमका त्याच वेळी पाऊस थांबला. ऊन पडलं! असं लख्ख ऊन की शाळेच्या पटांगणातल्या म्हशीसुद्धा लांबनं चमकताना दिसायला लागल्या. पाच वाजले होते. नदी होती तिथंच होती.

"माजी मोटार!" "माजी म्हस!" "माजा पंखा!" गलका उठला. दोघातिघांनी बाह्या सरसावल्या. दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. पण जयसिंग चिखलातनं उठला, कमरेवर हात ठेवले आणि गावावरच डाफरला.

"मी येक सबूद तरी बोललो व्हतो का? पंजा दावला! पंजा! थांब म्हनून! तुमी त्याचं पाच केलं, त्यात माजा काय गुन्हा? आन् ते ऱ्हाऊ द्या. वाम बघितली का? बघितली का न्हाई? हातभर! चाळीस साक्षीदार हायेत! आता बोला मासाळला!"

सरसावलेल्या बाह्या खाली आल्या. वाम तर सगळ्यांनी बघितली होती.

घरी आल्यावर गिताबाईनं सदरा चाचपला. पिळला तर अर्धी कळशी भरली असती.

"ओला हाय."

"घाम हाय तो!"

"ओला म्हंजी ओला."

"अगं पाऊस कवा खारट असतो का?" जयसिंगनं स्वतःची बाही तोंडात घालून चोखली. "हे बघ, खारट! निव्वळ खारट! पाऊस हरलाय गिते, पाऊस हरलाय!"

गिताबाई हसली नाही. चुलीवर दूध उतू जाऊन करपलं होतं, ते पातेलं ती घासायला बसली.  जयसिंग तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि पातेलं हातात घेतलं.

"सतरांदा आलतीस दारात?"

"मोजलं न्हाई."

"मगाशी सतरा म्हनलीस."

"लोकांफुडं कमी सांगितलं."

जयसिंगनं मग पातेलं लख्ख होईस्तोवर घासलं. गळ परत माळ्यावर पेटीखाली जाणार हे त्यानं धरूनच चाललं होतं. पण गिताबाईच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. दुसऱ्या दिवशी ती सरळ साधनाताईकडं गेली.

"ताई, ह्यांना पावसात नदीवर बसायचंच हाय. मी म्हन्ते, बसू दे. पर कामावर बसू दे! यवडा सूट घेतलाय, पानी बघायची सवय हाय. बंधाऱ्यावर मानूस तर पायजेच की तुमाला."

साधनाताईला हे एकदम पटलं. एकतीस वर्षं पावसात रूळ राखलेला माणूस गावाला आयता मिळत होता! ग्रामपंचायतीत ठराव झाला, पावसाळ्यात बंधाऱ्यावर पहारेकरी म्हणून जयसिंग मासाळ. पाणी किती वाढलं ते खुणेच्या दगडावर बघायचं, फोन करायचा, पोराटोरांना पाण्याजवळ फिरकू द्यायचं नाही. हातात काठी, गळ्यात शिट्टी.

जयसिंगची छाती फुगली. मोटारी परत नदीत सोडायला आणि अनसाबाईचा पंखा परत छताला टांगायला त्याचे दोन दिवस गेले, पण तेही त्यानं मिशीला पीळ देतच केलं. मग नवराबायको मिळून शिरूरला गेले. ह्या खेपेला बादलीवर जयसिंगला बसवून पाणी गिताबाईनं ओतलं, काखेतल्या जाळीत हात घालून हवा येते का तेही बघितलं. सारिकानं फक्त फडकं तयार ठेवलं होतं.

पुढच्या मोठ्या पावसात जयसिंग ड्यूटीवर हजर झाला. सूट असा की आत पाणी नाही, घाम नाही. बायकोची परवानगी, सरपंचाचा ठराव, वर बसायला ग्रामपंचायतीची खुर्ची! तासाभरानं सोपानराव डोक्यावर पोतं आणि हातात गळ घेऊन दबकत दबकत आले.

"जयसिंगा, पानी झ्याक गढूळ झालंय रं. इल्लुसा टाकून बघू का?"

"आप्पा, पाटी वाचा!" जयसिंगनं काठी आपटली. "मासेमारीस सक्त मनाई!"

"आन् तू?"

"मी सरकारी मानूस हाय!" जयसिंग गरजला. आणि गरजता गरजताच त्याच्या ध्यानात आलं की ही मनाई आता त्यालाही लागू आहे. अख्खा पावसाळा. दर पावसाळा.

सोपानराव हळूच हसले आणि पोतं सावरत निघून गेले. जयसिंग खुर्चीत ताठ बसून राहिला. पाऊस कोसळत होता. त्याच्यापासून चार हातांवर, गढूळ पाण्यातनं हातभर लांबीची वाम वर आली, तिनं एक गिरकी घेतली आणि जयसिंगसमोर शेपूट आपटलं.

जयसिंग ताडकन उठला. शिट्टी तोंडात घातली आणि गाल फुगवून थेट वामेवर फुंकली.

वाम काही थांबली नाही.